चांदीच्या डब्यांची फिर्याद

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, एकदा तर पोलिसावरच हात उचललेला माणूस पाहिला. ते सगळे आता धूसर झाले आहे. पण कुणाच्या बैठकीत काचेचे कपाट दिसले की मला हटकून नाशिकची ती चांदीच्या डब्यांची फिर्याद आठवते. त्या प्रकरणात कुणी जखमी झाले नाही, कुणाला शिक्षा झाली नाही, वर्तमानपत्रात दोन ओळीही आल्या नाहीत.

मी तेव्हा गंगापूर रोडच्या बाजूच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. मुलीच्या शिक्षणासाठी कुटुंब पुण्यात ठेवले होते आणि मी क्वार्टरमध्ये एकटा राहत होतो. सकाळची हजेरी आटोपून मी टपाल पाहत बसलो होतो, तेवढ्यात ठाणे अंमलदाराने एका गृहस्थांना आत पाठवले. वय चाळिशीच्या आसपास. चेहऱ्यावर जागरण, आणि खांद्यावरच्या बॅगेला विमान कंपनीची पट्टी अजून तशीच.

"माझ्या वडिलांच्या घरी चोरी झालीय. मी कॅनडात असतो. व्हिडिओ कॉलवर बोलताना मला त्यांच्या मागचं कपाट अर्धं रिकामं दिसलं. विचारलं तर म्हणाले, चोरी झाली असेल. मिळेल त्या विमानाने आलो."

वडील ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले अभियंते. पत्नी जाऊन काही वर्षे झाली होती. दोघा नवरा-बायकोला जुन्या चांदीच्या वस्तूंचा नाद. पानाचे डबे, अत्तरदाण्या, गुलाबदाण्या, कुंकवाचे करंडे, तपकिरीच्या डब्या. सुट्टीत कुठल्याही गावी गेले तरी दोघे आधी तिथल्या जुन्या बाजारात शिरायचे. मुलाला संशय घरकाम करणाऱ्या बाईंवर होता. घराची दुसरी किल्ली त्यांच्याकडेच असे.

मी फिर्याद नोंदवून घेतली आणि पंचनाम्याला स्वतः गेलो. कुलूप शाबूत, कडी-कोयंडा शाबूत. कपाट उघडून पाहिले, तर उरलेल्या वस्तू नीट अंतर राखून मांडलेल्या होत्या, मोकळी जागा शक्यतो डोळ्यात येऊ नये अशा. चोर मागचे आवरून जात नाही. ही गोष्ट मी मनात ठेवली.

म्हातारबुवा खुर्चीत बसून होते. अंगावर इस्त्रीचा सदरा, केस नीट विंचरलेले.

"वस्तू कधीपासून दिसत नाहीत?" मी विचारले.

"नेमकं लक्षात नाही."

"कुणावर संशय?"

त्यांनी मुलाकडे पाहिले. "मी कुणाचं नाव घेणार नाही."

मग मी एका पानाच्या डब्याकडे बोट दाखवले, तर त्यांचा चेहरा फुलला. तो डबा येवल्याला एका लग्नाला गेले असताना कसा मिळाला, विकणाऱ्याने आधी कसा नकार दिला, बायको रुसून एसटी स्टँडवर कशी जाऊन बसली, हे ते किती तरी वेळ सांगत राहिले. मुलगाही हसत ऐकत होता. पण गेलेल्या वस्तू परत मिळतील का, हे त्यांनी एकदाही विचारले नाही. ज्याची वस्तू गेली आहे तो माणूस पोलिसाला दुसरे काही बोलूच देत नाही, हा माझा अनुभव.

तरी फिर्यादीत बाईंचे नाव होते, आणि तपास नावापासूनच सुरू होतो. बाई सातपूरला राहायच्या, कामगारांच्या वस्तीत. नवरा एका वर्कशॉपमध्ये पाळीवर जाई. महिला हवालदार आणि दोन पंच घेऊन आम्ही त्यांच्या घराची झडती घेतली. दोन खोल्या. पत्र्याची पेटी, धान्याची कोठी, देवघर, सगळे पाहिले. दाराशी सगळी गल्ली जमली होती. त्यांचा नवरा पाळीवरून नुकताच आलेला, हातात डबा तसाच धरून भिंतीला टेकून उभा होता. काही सापडले नाही.

मग त्यांची चौकशी झाली. महिला हवालदार शेजारी बसली होती. बाई पन्नाशीच्या, बोलणे निफाडकडचे.

"कपाटातली चांदी कोण पुसायचं?"

"मीच. दर शुक्रवारी."

"मग वस्तू कमी झालेल्या तुम्हाला दिसल्या असतील."

"दिसल्या ना. डोळे हाय मला."

"कुणी नेल्या?"

"काकांना इचारा."

"काकांना विचारलं. त्यांना माहीत नाही."

बाईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिले. "असं म्हनले काका?" आणि मग त्या टेबलाच्या कडेकडे बघू लागल्या. मी आवाज चढवून पाहिला, समजावून पाहिले. त्यांचे एकच. "त्यांच्या घरातली गोष्ट हाय. त्यांनीच सांगावी. मी नाय सांगायची."

खोटे बोलणारा माणूस दुसऱ्याकडे बोट दाखवतो. दूधवाला येतो, शेजारी येतात, असे काहीतरी. या बाईंनी कुणाचेच नाव घेतले नाही. माझ्यासमोर बसलेली व्यक्ती चोर नाही, हे मला तेव्हाच कळले होते. पण नुसते कळून भागत नाही, ते कागदावर सिद्ध व्हावे लागते. मुलगा रोज ठाण्यात येऊन अटक कधी करता म्हणून विचारत होता. इकडे बाई आणखी ज्या घरांत स्वयंपाकाला जायच्या, त्यांनी त्यांना सध्या येऊ नका म्हणून कळवले होते.

खबर मिळाली ती सराफ बाजारातून. तिथले एक जुने व्यापारी चोरीची चांदी आली की आम्हाला कळवायचे. त्यांना मी वर्णन देऊन ठेवले होते. एका दुपारी ते स्वतः ठाण्यात आले आणि मोबाईल माझ्यापुढे धरला. मुंबईत जुन्या वस्तूंचे लिलाव करणारी एक संस्था होती, तिच्या येत्या लिलावातल्या वस्तूंचे फोटो होते. चांदीचे डबे, काड्यापेटीची वेष्टने, जुनी घड्याळे, बाहुल्या, अशी सरमिसळ.

"हा करंडा बघा, साहेब. हंसाचा. मानेला टाका दिसतोय? तो आमच्या दुकानात मारलाय. त्या घरच्या काकूंच्या हातून पडला होता तेव्हा. रडत आल्या होत्या हो."

दुसऱ्या दिवशी पहाटेच मी एका उपनिरीक्षकाला घेऊन मुंबईला निघालो. कसाऱ्याच्या घाटात तो मला विचारत होता की माल जप्त करायला पंच तिथलेच घ्यायचे का. मी हो म्हटले. माल देणारा दलाल सापडेल आणि त्याच्यामागून बाईंच्या ओळखीतला कुणी तरी, असेच आम्ही धरून चाललो होतो.

लिलाव संस्थेत आमच्यापुढे एक तिशीतली तरुणी आली. वस्तू पारखून आणण्याचे काम तिचे होते. मी करंड्याचा फोटो दाखवून विचारले, हा माल कुणी आणून दिला.

"कुणी आणून नाही दिला. मी स्वतः नाशिकला जाऊन आणला. ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका आहेत, त्यांच्याकडून. यातल्या चांदीच्या सगळ्याच वस्तू त्यांच्याकडून आणल्यात." ती घाबरली होती, पण अडखळत नव्हती. "का? काय झालं त्यांना?"

काही झाले नाही, असे मी सांगितल्यावर ती खुर्चीत बसली.

"ते एका वेळी एकच वस्तू द्यायचे. मी म्हटलं, काका, सगळ्या एकत्र द्या, संग्रह म्हणून जास्त भाव येईल, आणि मलाही फेऱ्या पडणार नाहीत. तर म्हणाले, मग तू परत कशाला येशील?"

उपनिरीक्षकाने लिहिता लिहिता पेन थांबवले.

"मला वाटलं चेष्टा करतायत. पण ते खरंच सांगत होते. मी जायचे तेव्हा स्वतः पोहे करायचे. बाईंना म्हणायचे, आज तुम्ही बसा, पाहुणी माझी आहे. एकेका डबीची गोष्ट दुपारभर चालायची. लिलावात वस्तू कुणी घेतली हे ते कधी विचारायचे नाहीत. फक्त विचारायचे, आता कधी?"

तिचा जबाब घेऊन आम्ही परतलो. माल जप्त करायचा प्रश्नच नव्हता. मालकाने आपल्या हाताने दिलेली वस्तू चोरीची होत नाही.

दुसऱ्या दिवशी मी म्हातारबुवांच्या बंगल्यावर गेलो. दार मुलानेच उघडले. त्याच्या हातात पाना होता, तो स्वयंपाकघरातला गळका नळ दुरुस्त करत होता. मी म्हटले, मला वडिलांशी जरा एकट्याने बोलायचे आहे. तो आत गेला. म्हातारबुवांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिले आणि चष्मा काढून हातात घेतला.

"मुंबईला जाऊन आलात."

"हो."

आतून पान्याचा आवाज येत होता.

"त्या दिवशी तो कॉलवर एकदम म्हणाला, बाबा, कपाट रिकामं का? विकल्या म्हणायची मला लाज वाटली. त्याच्या आईचा जीव होता त्यांच्यात. तोंडातून निघून गेलं, चोरी झाली असेल. खरं सांगतो, त्याच क्षणी मी ते मागे घेणार होतो. तर तो म्हणाला, मी येतो."

"आणि तुम्ही थांबलात."

"आधी दर वर्षी येणार म्हणायचा. सुट्टी नाही, मुलांच्या परीक्षा. मी समजून घ्यायचो. आता सकाळी उठतो तर बाथरूममधून त्याच्या गुणगुणण्याचा आवाज येतो, साहेब. मी अंथरुणातच पडून ऐकत राहतो. चोरी नाही म्हटलं असतं, तर लगेच तिकीट काढलं असतं त्याने."

"आणि बाई?"

"मी विचार केला होता," ते हळू आवाजात म्हणाले. "पुरावाच नाही. म्हटलं, तुम्ही चौकशी करून सोडून द्याल. तोवर चार दिवस..."

"त्यांच्या घराची झडती झाली तेव्हा सगळी गल्ली दारात उभी होती. बाकीच्या घरांनी त्यांचं काम बंद केलंय. त्यांना सगळं माहीत होतं आणि त्यांनी तुमचं नाव घेतलं नाही. तुम्ही सांगाल म्हणून त्या वाट बघत राहिल्या."

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले. मग म्हणाले, "त्याला तुम्ही सांगाल का?"

"नाही. ते तुम्हीच सांगायचं."

त्यांनी मुलाला हाक मारली. तो ओले हात पुसत बाहेर आला. वडिलांनी सगळे सांगितले, एकदाही न थांबता, जणू पाठ केले होते. मुलगा उभाच होता. त्याचे कान लाल झाले होते. शेवटी तो एवढेच म्हणाला, "बाबा, नुसतं ये म्हणायचं होतं."

"म्हटलं होतं," वडील म्हणाले.

मुलगा समोरच्या खुर्चीत बसला. मला त्या खोलीत उभे राहणे अवघड झाले.

फिर्याद गैरसमजातून दिली गेली होती, जाणूनबुजून खोटी नव्हती, म्हणून मी प्रकरण बंद करण्याचा तसा अहवाल, म्हणजे 'क' समरी, कोर्टाला पाठवली. खोटी फिर्याद म्हणून मुलावर कारवाई करण्यात अर्थ नव्हता, आणि वडिलांनी तर लेखी काही सांगितलेच नव्हते. पण एक गोष्ट मी कायद्याबाहेर जाऊन केली. मी म्हटले, ज्या गल्लीत पोलीस गेले, त्याच गल्लीत तुम्ही जायचे, दिवसाउजेडी, सगळ्यांसमोर. म्हातारबुवा लगेच उठले. चप्पल घालताना त्यांचा तोल जात होता, मुलाने दंड धरला.

सातपूरच्या त्या गल्लीत आमची गाडी थांबली तशी माणसे पुन्हा जमली. बाई दारात आल्या. म्हातारबुवांनी हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "या बाईंनी काही घेतलेलं नाही. वस्तू मीच विकल्या. खोटं मी बोललो." मग ते बाईंकडे वळले. "मी फार एकटा पडलो होतो हो. मला माफ करा."

बाईंनी आतून खुर्ची आणून त्यांना बसवले. पाणी दिले. ते पाणी पिईपर्यंत थांबल्या.

"तुमी एकटे हाय ते मला ठाऊक व्हतं, काका. म्हनून तर तोंड उघडलं नाय." पदराने त्यांनी हात पुसले. "पर मी रोज येत व्हते ना? सकाळ-संध्याकाळ. तुमची औषधं, तुमचं पथ्य. काकू गेल्या तवापासून. मग मी कोन व्हते?"

म्हातारबुवांनी हातातला पेला खाली ठेवला.

बाई पुन्हा त्या घरी कामाला गेल्या नाहीत. मुलाने खूप गळ घातली, त्यांनी शांतपणे नाही म्हटले. बाकीच्या घरांनी मात्र त्यांना परत बोलावले, त्यासाठी मी स्वतः एक-दोन ठिकाणी जाऊन आलो. मुलगा आणखी काही दिवस राहिला आणि कॅनडाला परतला. त्यानंतर तो रोज कॉल करायचा असे कळले. बदलीच्या आधी मी एकदा बंगल्यावरून जाताना आत डोकावलो. म्हातारबुवांनी मला बसवून घेतले. नवी बाई चहा ठेवून निघून गेली. कपाट पूर्ण रिकामे होते. उरलेल्या सगळ्या वस्तू त्यांनी एकाच वेळी लिलावाला देऊन टाकल्या होत्या. ती मुंबईची मुलगी आता कशाला येईल, हे मी विचारले नाही. त्यांनी मला येवल्याच्या पानाच्या डब्याची गोष्ट पुन्हा सांगितली. मला कामे होती, पण ती पूर्ण होईपर्यंत मी उठलो नाही.

एकटेपणा गुन्हा करायला लावतो, एवढेच मी यातून शिकलो असतो तर ते पुरेसे नसते. ते कुठलाही पोलीस सांगेल. मला बाईंचा प्रश्न चिकटून राहिला. एकट्या राहणाऱ्या वृद्धांची फिर्याद आली की चौकशीत विचारावेच लागते, घरात दिवसभर कोण येते-जाते? उत्तर नेहमी एकच येते, कोणी नाही हो साहेब, मी एकटाच. पूर्वी मी तसे लिहून घेऊन पुढे जायचो. त्या प्रकरणानंतर निवृत्त होईपर्यंत मी पेन खाली ठेवून पुन्हा विचारत असे, कोणी नाही म्हणजे कोण कोण? मग हळूहळू दूध टाकणारा निघे, जिना झाडणारी निघे, दोन वेळचे जेवण करून जाणारी निघे. त्यांची नावे काय, असे मी विचारी. बहुतेक वेळा समोरचे माणूस थबकायचे, आठवू लागायचे. मी घाई करत नसे.