चाचांनी तोडलेली ओळख

मोटारवाले चाचा इंजिन बंद करत. यात विशेष ते काय, असं तुम्ही म्हणाल. पण आमच्या चिमूर-चांदा मोटारीचं इंजिन एकदा बंद पडलं की समोर उभं राहून लोखंडी हँडल फिरवावं लागे, आणि ते हँडल असं द्वाड होतं की उलटा झटका बसला तर मनगट कामातून जाई. लढाई संपल्यावर लष्कराच्या लिलावात निघालेली ती गाडी. शहाणा ड्रायव्हर मुक्कामाला पोचेपर्यंत तिच्या इंजिनाच्या वाटेला जात नसे. चाचांचं मात्र चितळ दिसलं, इंजिन बंद. सांबर दिसलं, बंद. लांडोर पिलं घेऊन निघाली, बंद. जनावर आपल्या मर्जीने रस्ता ओलांडून जाईपर्यंत ते स्टिअरिंगवर हात ठेवून गप्प बसत आणि मग खाली उतरून घामाघूम होईस्तोवर हँडल मारत.

उतारू कुरकुरत. कुणाला चांद्याच्या कचेरीत जायचं असे, कुणाला लग्नाला. "चालू ठेवली असती त थे का तिथंच बसलं असतं, चाचा?" असं कुणी म्हणालं की चाचा मागे न वळता सांगत, "तुमच्या घरातून कोनी घुरघुर करत मोटार नेली त तुमाले कसं वाटन? हे त्यायचं घर हाये. आपन पाहुने. पाहुन्यानं पाहुन्यावानी जावं." यावर बोलण्यासारखं काही उरत नसे. उरलंच तर चाचा म्हणत, "मंग उतरा अन् पायी चाला," आणि वाघाच्या जंगलात पायी चालायची हौस कुणालाच नसे.

मी तेव्हा चिमूरच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण होते. आई चांद्याला एकटी आणि आजारी, त्यामुळे शनिवारी दुपारी जायचं आणि सोमवारी सकाळी परतायचं, हा माझा नेम. एकट्या बाईमाणसाने जंगलातून मोटारीने जावं हे गावाला पसंत नव्हतं. चाचांनी पहिल्याच दिवशी आपल्या शेजारची जागा फडक्याने पुसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बाई इथी बसन. हे जागा आजपासून बाईची." पुढे ती जागा माझीच राहिली. कितीही गर्दी असो, तिथे दुसरं कुणी बसायला गेलं तर चाचा मोटारच सोडत नसत.

त्या जागेवरून मी पाटलाला पाहिलं. पाटील म्हणजे एक रानगवा. काळाकभिन्न, खांद्याला माणसाहून उंच, आणि चारी पायांना पांढरेशुभ्र मोजे. कोळाऱ्याच्या पुढे ताडोब्याच्या तळ्याकडे वाट वळते, तिथे तो भर रस्त्यात उभा राही. गावच्या पाटलाने चावडीपुढे उभं राहावं तसा, कुणाला वाट द्यायची घाई नाही. त्याच्यामागे थोडं अंतर राखून एक गाय उभी असायची, तिला आम्ही पाटलीण म्हणत असू. चाचा इंजिन बंद करून हलकेच कपाळाला हात लावत. "पाटलाले जाऊ द्या," म्हणत. सावकाश वळून तो बांबूत शिरला की मोटारीतली माणसं श्वास सोडत, आणि मग चांद्याची घाई असलेलासुद्धा घरी गेल्यावर पाटलाच्याच गोष्टी सांगे.

पण पाटलाची आणि मोटारीची खरी ओळख झाली ती पाण्यापायी. उन्हाळ्यात ती गाडी माणसापेक्षा जास्त पाणी प्यायची. वाटेत एक नाला लागे, होळीनंतर कोरडा ठक्क. तिथे चाचा मोटार थांबवून वाळूत झिरा खणत. हातभर वाळू उपसली की खालून पाणी पाझरतं, तोच झिरा. इतर गाडीवाले डबा बुडेल एवढा खड्डा करून चालते होत. चाचा सगळ्या उतारूंना खाली उतरवत, बायकांनासुद्धा, आणि तो खड्डा रुंद करायला लावत. एका अंगाने उतार काढायचा, कड ढासळू नये म्हणून दगड दाबायचे. "आपल्याले पानी भेटलं, आता त्यायलेबी भेटू द्या. खोल झिऱ्यात जनावर तोंड कसं घालन जी?" असं म्हणत ते स्वतः कोपरापर्यंत वाळूत असत. चांद्याच्या एका वकिलाला मी धोतर खोचून दगड वाहताना पाहिलं आहे. तोंडाने तो चाचांना शिव्या देत होता आणि हाताने दगड नीट बसवत होता.

मुलींची सहल मी त्याच झिऱ्यावर नेली होती. तोवर तळ्याभोवतीचं जंगल सरकारने राखलं होतं, आत बंदुकीला बंदी आली होती आणि बाहेरगावची माणसं नुसती जनावरं बघायला येऊ लागली होती. चाचांना याचा कोण आनंद. आमच्या मुलींनी वाळू उपसली, परकर भिजवले, घरी जाऊन बोलणी खाल्ली. मोटारीत चढून बसतो न बसतो तोच पलीकडच्या काठावर पाटील आला. मोटारीचा आवाज म्हणजे ताजं पाणी, हे त्याला आता पक्कं कळलं होतं. आमच्या डोळ्यांदेखत उतारावरून खाली आला आणि प्यायला. एवढ्या मुली, पण कुणी चूं केलं नाही. चाचांच्या डोळ्यांत पाणी होतं. "पाहलं बाई? भ्येत नाई आता आपल्याले," एवढंच म्हणाले.

त्याच उन्हाळ्यात एका शनिवारी मालकाचे पाहुणे मोटारीत होते. मोटार चिमूरच्या एका मालदार माणसाची, चाचा त्याचे नोकर. पाहुणे शहरातले, बोलायला फार गोड. राखलेलं जंगल बघायला निघालो, म्हणाले. बरोबर लांबलचक वळकट्या होत्या. मुक्काम करणारी माणसं, वळकट्या असायच्याच. त्यातल्या एकाने चाचांना पाटलाविषयी विचारलं आणि चाचा खुलले. तो कुठे उभा राहतो, आवाज ऐकून कसा येतो, झिऱ्यावर कुठल्या अंगाने उतरतो, सगळं सांगत गेले. मध्येच माझ्याकडे वळून म्हणाले, "लई हौस हाये जी त्यायले पाटलाले पाहाची." लेकराचं कौतुक सांगणाऱ्या माणसाचा चेहरा कसा असतो, तसा त्यांचा झाला होता.

नाल्यावर मोटार थांबली. चाचा खाली उतरले, गुडघे टेकून वाळू उपसू लागले. आम्हीही उतरलो. पाणी लागलं, चाचांनी उतार काढायला घेतला, आणि पाटील आला. चाचांनी मान वर केली आणि हात तसेच पाण्यात ठेवून त्याच्याकडे बघत राहिले. माझ्या मागून बार झाला. आधी मला वाटलं, मोटारीचं चाकच फुटलं. मग दुसरा बार झाला आणि पाटील पुढच्या गुडघ्यांवर बसला, तिथेच, उताराच्या तोंडाशी. पाटलीण काठावर होती, ती गेली. झिऱ्यातलं पाणी लाल झालं तरी चाचांनी हात बाहेर काढले नाहीत.

मी त्या माणसांना वाटेल ते बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. राखलेल्या जंगलाची खूण म्हणून उभा केलेला दगड नाल्याच्या पलीकडे होता, आणि अलीकडे मारायचा परवाना त्यांच्या खिशात होता. कायद्याने त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. त्यांना फोटो काढायचा होता. चाचांना दंडाला धरून त्यांनी पाटलाच्या शिंगांपाशी उभं केलं आणि एकाने पाठीवर थाप मारली. "ड्रायव्हर, कमाल केलीत. हाक मारल्यासारखा आला हो." त्या फोटोत चाचांचे हात कोपरापर्यंत वाळूने माखलेले असतील.

मोटार चांद्याला पोचली. मी उतरताना चाचा म्हणाले, "बंदूक त्यायची होती, बाई. पन बोलावलं मी." मी म्हटलं, चाचा, तुमचा काय दोष. ते म्हणाले, "दोष नाई म्हनत मी. वळख मी करून देल्ली. आता मलेच मोडा लागन."

सोमवारी मी मोटारीत चढले तर मागे रॉकेलचे रिकामे डबे दोरीने बांधलेले. मोटार चालू लागली आणि जो खणखणाट सुरू झाला तो चिमूरपर्यंत. जंगल लागलं की चाचा हॉर्न दाबून धरत. इंजिन बंद करणं संपलं. जनावर दिसलं की ते मोटार त्याच्या अंगावर घालत असल्यासारखी जोरात नेत. झिरा मात्र सोडला नाही. मोटार अलीकडेच उभी करून फावडं खांद्यावर टाकत, नाल्याने खाली लांबवर चालत जात आणि तिथे खणून येत. पाणी जनावरांना मिळायला हवं होतं, फक्त मोटारीपाशी नको होतं. आता उतारूंना ते बरोबर नेत नसत.

बाकीची जनावरं भ्यायला लवकर शिकली. पाटलीण शिकेना. डबे वाजत असले तरी ती जुन्या जागी येऊन उभी राही. तिथेच तिचा पाटील पडलेला, तरी ती यायची. तहान म्हणा, सवय म्हणा, मला कळलं नाही. एकदा चाचा मोटार थांबवून खाली उतरले आणि ढेकळं मारू लागले. "चाल, भाग इथून. काऊन उभी राह्यते? मेली असती न तू आज." ती थोडी मागे सरली आणि पुन्हा उभी राहिली. मग चाचांनी दगड उचलला. तो तिच्या बरगडीवर लागला, आवाज आम्हाला मोटारीत आला. तिने चाचांकडे पाहिलं आणि सावकाश निघून गेली. चाचा येऊन हँडलपाशी उभे राहिले, पण त्यांच्या हातून ते फिरेना. शेवटी दुसऱ्याच एका उतारूने मोटार चालू करून दिली.

जंगल बघायला येणारी मंडळी चिडणारच. जनावरं बघायला आलो आणि डबडी ऐकून परतलो, अशा तक्रारी मालकाकडे गेल्या. मालकाने आधी समजावलं, मग दटावलं, मग हँडल काढून घेतलं. नवा ड्रायव्हर आला. पोरगा वाईट नव्हता, पण त्याने डबे सोडून टाकले. चाचा घरी बसले. दमा आधीपासून होताच, तो आता उरावर बसला. सोमवारी मोटारीतून उतरले की मी आधी त्यांच्या अंगणात जायची. ते खाटेवरून विचारत, "उभी होती का?"

"उभी होती, चाचा."

मग ते गुडघे चोळत बसत. चाची मला खुणेने सांगायची, नाही म्हण. एखादा खोटा शब्द बोलून म्हाताऱ्याला झोप लागली असती, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण त्यांच्या तोंडाकडे पाहून खोटं निघतच नसे.

पुढच्या उन्हाळ्यात माझी चांद्याला बदली झाली. सामान आवरायला म्हणून शेवटची चिमूरला निघाले. नाल्याच्या वळणावर मोटार आली आणि मला पलीकडच्या काठावर पाटलीण दिसली. बरोबर वासरू होतं, तांबूस, लटपटत्या पायांचं. नाल्यात खाली कुणी झिरा खणलेला नव्हता. खणणारा खाटेवर होता. मोटारीचा आवाज तिच्या कानावर गेला. तिने मान वर केली आणि वासराला पुढे घालून बांबूत शिरली. मी हुंदका दिला तशी शेजारची बाई मला पाणी विचारू लागली.

चाचांना मी दारातूनच सांगितलं, पाटलीण दिसली म्हणून. ते हाताच्या रेट्याने उठून बसले.

"उभी होती?"

"नाही. पळाली. वासरू आहे बरोबर. त्याला घेऊन पळाली."

"मानसाले पाहून का आवाजानं?"

"आवाजानं. आम्ही वळणावरच होतो."

त्यांना धाप लागली. चाची पाठ चोळू लागली, तिला त्यांनी हाताने थांबवलं. "मांगं पाहलं का तिनं?"

"नाही, चाचा."

"बेस झालं," चाचा म्हणाले. "बेस झालं, बाई. आता वळख नाई राह्यली आपली." आणि भिंतीकडे तोंड करून ते रडले. असं रडताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. चाचीने चहा केला होता, तो तसाच निवून गेला. मला चांद्याची मोटार गाठायची होती. निघताना म्हणाले, "पुढची जागा पुसून घेजा. नवा पोरगा पुसत नाई." पावसाळ्याच्या तोंडाशी ते गेले. मला ते शाळा उघडल्यावर कळलं.

अजून मी अभयारण्यांत जाते. गुडघे दुखतात, तरी जाते. आता जीप असतात, शिकलेले वाटाडे असतात, शिकार कधीच बंद झाली आहे, आणि हे सगळं चांगलं झालं असं मी मनापासून म्हणते. एखादा गवा हाताच्या अंतरावर येऊन उभा राहतो. वाटाड्या कौतुकाने सांगतो, बाई, हा गाडीला सरावलाय, अजिबात घाबरत नाही. सगळे श्वास रोखून बघत असतात. माझा हात मात्र आपोआप बाहेर जातो आणि मी जीपच्या पत्र्यावर जोरात थाप मारते.