अंगरख्याचा पांढरा

पांढरा हा सत्याचा रंग आहे, असं मास्साब पहिल्याच तासाला सांगत. आम्ही पाच-सात मुलं लगेच गंभीर होत असू. मग ते टेबलावर पांढऱ्याच्या तीन ट्यूबा मांडत आणि म्हणत, "यांतली एकही खरं बोलत नाही. सांभाळून राहा."

मास्साब माधवनगरातल्या एका शाळेत चित्रकला शिकवत. घरी मराठी, पण उज्जैनमध्ये शिक्षकाला मास्साब म्हणतात, म्हणून मराठी घरांतही ते मास्साबच. शाळा सुटली की ते तैलचित्रं काढत, आणि तीही एकाच विषयाची: लोकांचे पूर्वज. इथली जुनी मराठी घरं दरबारच्या चाकरीसाठी आलेली. प्रत्येक घरात एक पगडीवाला पणजोबा आणि त्याचा अंगठ्याएवढा धुरकट फोटो. मास्साब त्याचं तीन फुटी चित्र करून देत. लाल पगडी, मागे अंधार आणि मधोमध पांढराशुभ्र अंगरखा. निम्मं चित्र अंगरख्याचंच. त्यामुळे इतर चित्रकार ज्या प्रश्नावर पाच मिनिटं घालवतात, त्यावर मास्साबांनी हयात घालवली.

गिऱ्हाइकांना हा प्रश्न कधी पडला नाही. त्यांची मागणी एवढीच, की आजोबा थोडे गोरे करा. एका घरानं खजिन्यात कारकून असलेल्या पणजोबांच्या कमरेला तलवार मागितली. मास्साबांनी ती दिली. "तलवार खोटी चालेल, बेटा," ते मला म्हणाले, "अंगरखा खरा पाहिजे."

तिन्ही पांढऱ्यांबद्दल त्यांची मतं पक्की होती. शिशाचा पांढरा उबदार, लवचीक, पण विषारी. "तो शंभर वर्षं टिकतो. आपण टिकत नाही." टायटॅनियमचा पांढरा म्हणजे लाउडस्पीकर, चिमूटभर घातला तरी शेजारच्या रंगाचं ऐकू येत नाही. राहिला जस्ताचा. थंड, पातळ, सभ्य. मास्साबांनी तो निवडला. कॅनव्हासच्या पहिल्या हातालाही तोच आणि अंगरख्यालाही तोच.

फ्रीगंजमधला रंगांचा दुकानदार त्यांच्यापुढे दरवेळी हात जोडे. "मास्साब, सफेद तो सफेद है। टायटॅनियम ले जाओ, सब ले जा रहे हैं।"

"सब जा कहाँ रहे हैं, ये भी देखा कर," मास्साब म्हणत आणि जस्ताच्या सहा ट्यूबा घेऊन निघत.

निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी एका मंडळानं त्यांना 'कलामहर्षी' केलं. शाल, श्रीफळ आणि काचेचं एक शिखर, ज्याच्यावर त्यांच्या आडनावात एक मात्रा जास्त होती. मंचावर संस्थापकांचं चित्र होतं, मास्साबांनीच काढलेलं, आणि त्याला झेंडूचा जाड हार. प्रमुख पाहुण्यांनी भाषणात 'अजरामर' हा शब्द तीनदा वापरला. कार्यक्रम संपला, लोक कचोरीकडे वळले आणि कार्यकर्त्यांनी हार उतरवला. हाराबरोबर संस्थापकांच्या छातीचा तळहाताएवढा पापुद्रा निघून आला. खाली नुसतं कापड.

मास्साबांनी तो उचलला. दोन बोटांत वाकवून पाहिला. पापडासारखा मोडला.

"जस्त," ते म्हणाले. "वाळता वाळता काचेसारखं होतं. मी वाचलं होतं, बेटा. मला वाटलं, ते तिकडच्या थंडीत होत असेल."

त्यानंतरचा महिनाभर मी त्यांना स्कूटरवर मागे बसवून घरोघर नेलं. चाळीसेक चित्रं होती. त्यांना ती सगळी परत हवी होती, मोडलेला पांढरा खरवडून दुसरा भरण्यासाठी. त्यांच्यामागे राहणार ते एवढंच, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

पहिल्याच घरात पणजोबांची पगडी होती, डोळे होते, खाली काही नव्हतं.

"याला काय केलंत?"

"काही नाही हो," घरच्या काकू म्हणाल्या. "दर सर्वपित्रीला ओल्या फडक्यानं पुसतो. क्षिप्रेचं पाणी घालून."

"पुसता कशाला?"

"म्हणजे काय, मास्साब? श्रद्धा आहे."

चित्र द्यायला मात्र त्या तयार नव्हत्या. पूर्वजांना घराबाहेर कसं काढायचं? दुसऱ्या घरात चित्राच्या जागी चकचकीत प्रिंट होती. "रहने दो ना आता, मास्साब. मुलानं कंप्युटरवर करून घेतलं. पणजोबा एकदम एचडी आलेत." जुनं चित्र गच्चीवर कूलरला झाकण म्हणून बांधलं होतं. मास्साबांनी ते तिथंच वाकून पाहिलं आणि गाठ नीट बांधून ठेवली.

चाळिसांपैकी एकच घर चित्र द्यायला तयार झालं, ते आमचं. यात कलाप्रेम नव्हतं. बाबांना ते आजोबा कधीच आवडले नव्हते.

मास्साबांनी ते चित्र खोलीत ठेवलं, जस्त खरवडलं आणि पुन्हा तिथंच येऊन थांबले. कोणता पांढरा? शेवटी त्यांनी आजोबांच्या छातीवर नखाएवढे तीन चौकोन रंगवले, तिन्ही पांढऱ्यांचे, एकाच अळशीच्या तेलात घोटून.

"वर्षभर थांबू," ते म्हणाले. "कोण टिकतं, कोण पांढरं राहतं, कळेल."

"वर्षभर? मास्साब, तुमचा खोकला बघा."

"एकदा घाईनं निवडला होता, बेटा."

खोकल्याला तीन महिने पुरले. त्यांचा मुलगा इंदूरहून आला, खोली रिकामी केली आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं चित्र आमच्याकडे आणून दिलं. "हे कोणीतरी तुमचे आहेत," तो म्हणाला. कोणता चौकोन कोणत्या पांढऱ्याचा, हे मास्साबांच्या वहीत असणार. वह्या तोवर रद्दीत गेल्या होत्या.

या गोष्टीला सात वर्षं झाली. बाबा आजोबांना बैठकीत लावू देईनात, म्हणून चित्र पॅसेजमध्ये आहे. तिन्ही चौकोन जागच्या जागी आहेत आणि तिन्ही सारखेच पिवळे झाले आहेत. अळशीचं तेल अंधारात पिवळं पडतं, त्यात पांढरा कोणताही असो. आमच्या पॅसेजला खिडकी नाही.