नळीवाल्या बाईंची वही

माणसाचं नाव विचारायच्या आधी त्यानं काल काय खाल्लं ते विचारणारी एकच बाई मी पाहिली. औषधांच्या कॉलेजात त्या संशोधन करायच्या, मी काचेची भांडी धुवायचो. शाळा चौथीपर्यंत, पण माझ्या हातची काच कुणी परत धुतली नाही. त्यांचं डोकं सदा नळ्यांत, म्हणून आम्ही शिपाई त्यांना नळीवाल्या बाई म्हणायचो.

बाई पैठणकडच्या. गाठीच्या आजारावर, म्हंजे कॅन्सरवर, धुळीहून लई बारीक कणांचं औषध करत होत्या. एकदा म्हणाल्या, "मामा, कण रक्तात गेला की उघडा राहत नाय. रक्तातली प्रथिनं त्याला चिकटतात, त्याचा अंगरखा होतो. शरीर कणाला वळखत नाय, अंगरख्याला वळखतं."

"अन् अंगरखा वंगाळ निघाला तर?"

"तर औषध गाठीपर्यंत जातच नाय. शरीराचे राखणदार वाटंतच धरतात त्याला."

विकत आणलेल्या रक्तात औषध झकास चालायचं. बाईंना ते पुरेना. "इथल्या माणसाला द्यायचं, तर इथलंच रक्त पायजे." साल दुष्काळाचं होतं. शहर चहूकडं वाढत होतं, नव्या कॉलन्यांत टँकर फिरत होते, अन् गावाकडं माझ्या रानात कुसळ उगवलं नव्हतं. कॉलेजातल्या लोकांनी रक्त दिलं, मीही दिलं. खाणं विचारलं, तर ताठ मानेनं सांगितलं, "वरण, भात, वर तूप." बाईंनी वहीत लिहून घेतलं.

बाकीच्यांच्या नळ्या नितळ राहिल्या. माझ्या नळीत कणांचे गोळे होऊन तळाला बसले. तीनदा रक्त घेतलं, तीनदा तेच. बाईंचं काम बघणारे मोठे सर म्हणाले, "नमुना खराब आहे, टाका आणि प्रबंध पुरा करा." बाई म्हणाल्या, "का झालं ते कळल्याशिवाय नाही टाकणार." सरांनी प्रबंधावरची सही अडवली. बाईंची पदवी माझ्या नळीपाशी अडकली.

आठ दिवस मी नुसती भांडी धूत राहिलो. पोटाचं गाऱ्हाणं दुसऱ्याला सांगायची आमच्या घरात रीत नाही. नवव्या दिवशी भांडी मांडता मांडता म्हणालो, "बाई, तूप खोटं हाये. भातबी खोटा. दोन म्हैने झाले, एक टायमाला भाकर खातोय. बाकी पगार गावाकडं जातो."

अरेरे म्हणाल्या असत्या, तर मी त्या खोलीत परत पाय ठेवला नसता. त्यांनी वही ओढली, भात-तूप खोडलं अन् विचारलं, "भाकरीसंगं काय?"

"मीठ-मिरची."

तेही लिहिलं. मग अर्धपोटी माणसं गाठून त्यांचं रक्त तपासलं, त्यांच्याही नळ्यांत गोळे. उपाशी रक्तात प्रथिनं कमी, म्हणून अंगरखाच वंगाळ व्हायचा. बाईंनी औषध पहिल्यापासून बांधलं. वर्ष गेलं त्यात, पण शेवटी माझीही नळी नितळ राहिली. पदवी मिळाली, हैदराबादेत नोकरी लागली.

जायच्या दिवशी त्या माझ्या मोरीपाशी आल्या. "मामा, तुम्ही बोलला नसता, तर भुकेल्या माणसाला हे औषध मी चांगलं म्हणून दिलं असतं."

मी ओले हात पंच्याला पुसत राहिलो. त्या संध्याकाळी उस्मानपुऱ्यातल्या घरापर्यंत पायीच गेलो. रिक्षात बसलो असतो तर घर लवकर आलं असतं, अन् बाईंचं ते बोलणं तेवढ्या वाटेत मावलं नसतं.