मागे फिरलेली भरली बंडी

पोलीस खात्यात असताना मी चोऱ्या पाहिल्या, दरोडे पाहिले, खुनाचे पंचनामे केले. त्यातले बरेचसे आता विसरलो. पण एका शाळकरी मुलाचा तपास आजही मला स्वस्थ बसू देत नाही. त्यात ना कुणी चोर होता, ना मारेकरी. तरीही माझ्याच ठाण्यात एका निरपराध माणसाचा हात निकामी झाला.

अमेरिकेतल्या यादवी लढाईमुळे तिकडचा कापूस बंद पडला होता आणि विलायतेच्या गिरण्यांना तेव्हा वऱ्हाडचा कापूस हवा होता. भाव रोज चढत होता. हिवाळा लागला की अकोल्याकडून अमरावतीला येणाऱ्या रस्त्यावर कापसाच्या बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, जी रांग लागे, ती उन्हाळ्यापर्यंत तुटत नसे. आधी पोचेल त्याला बाजारात जागा मिळे, म्हणून धुरकरी, म्हणजे बंडी हाकणारे, बैलांच्या शेपट्या पिरगाळून एकमेकांच्या पुढे बंड्या काढत. त्याच रस्त्याने आसपासच्या वाड्यांतली दहा-बारा मुले रोज शहरातल्या इंग्रजी शाळेत चालत येत. मी नाक्यावरच्या ठाण्याचा ठाणेदार होतो. सकाळची हजेरी झाली की माझे सगळे शिपाई कापसाच्या बाजारात. रस्त्यावर एकही माणूस ठेवावा असे मला कधी सुचले नाही.

एका सोमवारी दिवे लागायच्या सुमारास एक माळीण ठाण्यात आली. डोक्यावर भाजीची रिकामी पाटी होती, ती उतरवायचेही तिला भान नव्हते. मागे तिचा नवरा.

"साहेब, माहं पोट्टं शाळेतून घरी आलं नाही जी," ती म्हणाली. "बारा वर्साचं हाये. मास्तर म्हनते, तो आज आलाच नाही."

"सकाळी घरून निघाला होता?"

"म्याच भाकर बांधून देल्ली ना त्याले!"

नवरा तिच्यावरच उखडला. "तुलेच हौस होती इंग्रजी शाळेची. वावरात काम कमी होतं काय त्याले?"

बाईने आता कुठे पाटी खाली ठेवली. तिच्या वाडीतून शहरातल्या शाळेत जाणारे दोनच मुलगे होते, आणि आपल्या मुलासाठी ती घरात सगळ्यांशी भांडली होती, हे मला पुढे कळले.

मुलगा सकाळी घरून निघाला, शाळेत पोचला नाही, आणि दिवसभर कुणालाच पत्ता नाही. घरच्यांना वाटले तो शाळेत आहे. मास्तरांना वाटले तो घरी आहे. मी फिर्याद लिहून घेतली, दोन शिपाई विहिरी आणि नाले पाहायला पाठवले. वाडीतल्या दुसऱ्या मुलाला विचारले. तो याचा जोडीदार, दोघे रोज बरोबर येत. तो म्हणाला, "तो मांगं राह्यला. मले नाई मालूम." एवढे बोलून आईच्या पदराआड गेला. मीही पुढे विचारले नाही.

मंगळवारी सकाळपासून शहरात निराळीच हवा पसरली. बडनेऱ्याकडे तेव्हा रेल्वेचे काम चालले होते. पुलाच्या पायात पोर पुरल्याशिवाय पूल उभा राहत नाही, अशी वदंता कुणीतरी उठवली. दुपारपर्यंत निम्म्या शाळकरी मुलांना आईबापांनी घरी ओढून नेले. ठाण्यासमोर लोक जमू लागले. शाळेचे हेडमास्तर स्वतः आले. पुण्याकडचे, करड्या शिस्तीचे गृहस्थ.

"चार वर्षे घरोघर फिरून मी ही मुले गोळा केली," ते म्हणाले. "हा मुलगा सापडला नाही, तर या रस्त्याने पुन्हा एकही मूल शाळेत येणार नाही."

तेवढ्यात गलका झाला. वीस-पंचवीस माणसे एका कल्हईवाल्याला मारत मारत घेऊन आली. उत्तरेकडचा माणूस, हिंदुस्थानी बोलणारा, भांड्यांना कल्हई करत गावोगाव हिंडणारा. त्याच्या झोळीत मुलाची टोपी सापडली होती. आईने टोपी हातात घेतली, तिच्या आतले स्वतःचे टाके पाहिले आणि ती खालीच बसली.

मी त्याला जमावातून सोडवून कोठडीत घातले. तिथपर्यंत माझे वागणे बरोबर होते.

"टोपी कुठून आली?"

"रास्ते में पड़ी मिली, हुजूर."

"मुलगा कुठे आहे?"

"लड़का मैंने देखा ही नहीं."

हेच तो पुन्हा पुन्हा सांगत होता. बाहेर लोक ओरडत होते, वरून साहेबांचा निरोपावर निरोप येत होता. माझा जमादार जुना माणूस. तो म्हणाला, "अशी नाही बोलत ही जात. माझ्या हवाली करा, तासाभरात बोलतं करतो." मी हो म्हटले नाही. नाहीही म्हटले नाही. उठून रोजनामा लिहायला बाहेरच्या खोलीत जाऊन बसलो. आतून ओरडणे ऐकू येत होते आणि मी लिहीत होतो. तासाभराने जमादार बाहेर आला तेव्हा कल्हईवाल्याच्या उजव्या हाताची बोटे मोडली होती आणि जबाब तोच होता. टोपी रस्त्यात मिळाली.

बुधवारी सकाळी मी एकटाच कोठडीत गेलो. त्याला पाणी दिले. तो डाव्या हाताने प्याला. मग जो प्रश्न पहिल्या मिनिटाला विचारायला हवा होता, तो मी दुसऱ्या दिवशी विचारला.

"रस्त्यात कुठे मिळाली टोपी?"

"नाले के उतार पर. जहाँ बेरवाली बैठती है."

शहराबाहेर पाऊण कोसावर एक नाला होता. उताराशी एक बाई टोपलीत बोरे घेऊन बसे. येणारी-जाणारी मुले तिचे गिऱ्हाईक. दोन दिवस माझे शिपाई तिच्यासमोरून घोडे दौडवत गेले होते. मी घोड्यावरून उतरून तिच्याजवळ बसलो आणि सोमवारी सकाळी काही वेगळे पाहिले का, असे विचारले.

"पाह्यलं ना," ती म्हणाली. "एक भरली बंडी उतारावून वापस फिरली. काहून, ते बंड्यायच्या रांगेआड मले दिसलं नाही. मांगच्या बंडीवाल्यायनं लय शिव्या देल्ल्या त्याले. म्या म्हटलं, या गड्याले येड लागलं का काय? येवढा भाव चालू हाये, अन् भरला कापूस घेऊन हा घरी चालला!"

"मग हे आधी का सांगितलं नाही?"

"तुमी कुठी इचारलं जी?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. खरे तेच ती सांगत होती. बंडीच्या एका बैलाचे डावे शिंग मोडलेले होते, हेही तिला आठवत होते.

भाव शिखरावर असताना बाजाराच्या तोंडाशी येऊन भरली बंडी कुणी मागे फिरवत नाही. फिरवलीच तर कापसाहून मोठे काहीतरी घडले असले पाहिजे. मुले बंड्यांच्या मागे लटकताना मी नाक्यावर पाहिली होती, ते आठवले आणि मी तसाच वाडीवर गेलो. जोडीदार मुलगा घराच्या मागच्या बाजूला बसला होता. दोन दिवस तो जेवला नव्हता, असे त्याच्या आईने सांगितले. मी शिपायाला लांब उभे केले, डोक्याचे पागोटे काढून बाजूला ठेवले आणि म्हटले, "तू काही केलं नाहीस, मला ठाऊक आहे. तो बंडीला लटकला होता ना?"

पोरगा रडायलाच लागला. हुंदके देत त्याने सगळे सांगितले. शाळेला उशीर झाला की दोघेही बंडीच्या मागे लटकून येत. हेडमास्तरांनी ताकीद दिली होती, जो बंडीला लटकलेला दिसेल त्याचे नाव शाळेतून काढीन. त्या दिवशी हा पुढे पळाला. मागे वळून पाहिले तेव्हा मित्र एका बंडीला लटकलेला होता.

"मले वाटलं, तो येईन. मंग तो आलाच नाई. सांगतलं असतं तं दोघायचंबी नाव काढलं असतं."

मोडक्या शिंगाच्या बैलाचा माग काढणे अवघड गेले नाही. रस्त्यावरचे धुरकरी एकमेकांचे बैल चांगले ओळखतात. दुपारी आम्ही बडनेऱ्याच्या पलीकडे पाच कोसांवरच्या एका खेड्यात पोचलो. एका घराच्या आवारात ती बंडी उभी होती. कापसाने भरलेली, तशीच्या तशी. आम्हाला पाहताच धुरकरी बैलांच्या पुढे जाऊन हात पसरून उभा राहिला.

"बैलं नेऊ नका, साहेब. मले न्या."

"मुलगा कुठे आहे?"

"जित्ता हाये जी. हाडं बसवनाऱ्याच्या घरी ठेवला. उतारावर बैलं उधळले. पोट्टं मांगं लटकलेलं, मले ठावंच नाही. हात सुटला, अन् मांगची बंडी त्याच्या पायावून गेली. तो बंडीवाला थांबला नाही. म्या थांबलो."

"तिथून ठाणं पाऊण कोसावर होतं. तिकडे का नाही आणलास?"

त्याने माझ्याकडे पाहिले, मग माझ्या मागच्या जमादाराकडे. "ठान्यात आनलं असतं तं तुमी कोनाले धरलं असतं? मलेच ना?"

कोठडीतला माणूस माझ्या डोळ्यांसमोर होता.

"निदान त्याच्या आईबापांना तरी कळवायचं."

"पहिल्या दिवशी पोट्ट्याले सुदच नव्हती. सुद आली, तं गावाचं नाव सांगे ना. म्हने, शाळेतून नाव काढतीन. म्या म्हटलं, उद्या समजावून इचारू. भेव वाटलं जी. चूक झाली."

हाडे बसवणाऱ्याच्या पडवीत मुलगा निजला होता. उजवा पाय बांबूच्या कामट्यांत बांधलेला, अंग तापाने तापलेले. माझे पागोटे पाहून त्याने डोळे घट्ट मिटून घेतले. मी कपाळावर हात ठेवला तेव्हा त्याने एकच विचारले, "नाव काढलं काय?"

मी निरोप पाठवला, आणि रात्री मुलाची आई नवऱ्यासह तिथे पोचली. तिने मुलाला आधी डोक्यापासून पायापर्यंत चाचपले, मग एक चापट मारली आणि मग त्याला उराशी धरून जी रडू लागली, ती थांबेचना. बाप दाराबाहेर त्या मोडक्या शिंगाच्या बैलाकडे पाहत उभा होता; धुरकरी बैल घेऊन तिथेच थांबला होता. थोड्या वेळाने तो धुरकऱ्याजवळ गेला आणि त्याच्याशेजारी बसला.

दुसऱ्या दिवशी मी कल्हईवाल्याला सोडले. लोकांनी त्याचा भाता फोडला होता. तो दुरुस्त करून त्याच्यापुढे ठेवला. माफी मागितली. त्याने भात्याकडे पाहिले, स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिले.

"भाता तो ठीक है, हुजूर," तो म्हणाला. "इसे चलाएगा कौन?"

तो गेल्यावर मी वरिष्ठांना अहवाल पाठवला. जमादाराचे कृत्य लिहिले आणि ते चालू असताना मी बाहेरच्या खोलीत बसलो होतो, हेही लिहिले. साहेबांनी शेरा मारला, मुलगा सापडला, प्रकरण बंद करावे. मला शिक्षा झाली नाही. झाली असती तर कदाचित ओझे थोडे हलके झाले असते.

त्यानंतर व्यवस्था बदलली. कापसाच्या दिवसांत शाळा भरताना आणि सुटताना नाल्यापाशी एक शिपाई उभा राहू लागला. मूल हजर नसेल तर हेडमास्तर त्याच दिवशी घरी निरोप पाठवू लागले. आपली ताकीदही त्यांनी स्वतः वर्गात मागे घेतली. त्यांच्यासारख्या माणसाला ते सोपे नव्हते. मुलगा चार महिन्यांनी काठी टेकत शाळेत आला. पाय आखूडच राहिला.

पुढे माझी बदली अकोल्याला झाली. तिथे पहिल्याच आठवड्यात मी शाळेत गेलो आणि मुलांना सांगितले, रस्त्यात काहीही झाले, कुणाचीही चूक असली, तरी सरळ चौकीवर येऊन सांगायचे. मुले मास्तरांकडे पाहू लागली. मास्तरांनी डोळे वटारले तशा त्यांच्या माना खाली गेल्या. शेवटी मागच्या रांगेतला एक मुलगा उभा राहिला.

"साहेब, सांगतलं तं तुमी मारसान काय?"

इतक्या वर्षांच्या नोकरीत मला कुणी याहून नेमका प्रश्न विचारला नाही. मी हातातली छडी दाराबाहेर ठेवून आलो, त्याच्या रांगेत जाऊन खाली बसलो आणि मग म्हणालो, "नाही."

त्याने लगेच विश्वास ठेवला नाही. ठेवायलाही नको होता. तो विश्वास मला रोज त्यांच्या शाळेच्या रस्त्यावर उभे राहूनच मिळवावा लागणार होता.