तीस मोजेपर्यंत बंद होणारी खोली

माझ्या आत्याचा, म्हणजे वैजयंतीबाईचा, उजवा अंगठा बाहेरच्या अंगाला वळलेला आहे. नवऱ्याने मोडला, आणि धनज गावचा हाडवैद्य तो बसवताना रेडिओवर क्रिकेट ऐकत होता, म्हणून तसाच बसला. आत्या त्याच वाकड्या अंगठ्याने कात्री धरते, आणि त्याच कात्रीने बाहुलीच्या ब्लाऊजला करंगळीच्या नखाएवढी बाही बेतते.

नवऱ्याचं नाव जानराव. आमचे मामाजी; आत्याच्या नवऱ्याला आमच्याकडे हेच म्हणतात. धनजला बारा एकर शेत, दोन बैलजोड्या आणि एक मोटारसायकल, जिची नळी त्यांनी मुद्दाम फोडून घेतली होती. का, तर माणूस येऊन राह्यला हे गावाला कळलं पाह्यजे. भटर, भटर, भटर, फट्! त्या शेवटच्या फट्‌ला कोंबड्या उडायच्या. आवाजही गाडीसारखाच. साधं पाणी मागायचं तरी, "ए! मेली काय वं? पाणी!" बायकोला नावाने हाक मारलेली मी ऐकली नाही. आत्याला सासरी 'ए' हेच नाव होतं.

बाहुल्यांचं वेड तिला लग्नानंतर लागलं. मालेगावच्या बाजारात तिने दोन बाहुल्या घेतल्या. लांब तंगड्या, मुठीत मावेल एवढी कंबर, सोनेरी केस, आणि जन्मापासून चवड्यावर उभ्या. आत्याने त्यांचे केस काळ्या शाईत बुडवले, त्यांना लुगडी शिवली आणि म्हणाली, "आता या आपल्या झाल्या. आता यायले घर पाह्यजे."

पहिलं घर तिने लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्याचं केलं. सगळं मापात. बाहुली बारा इंचांची, म्हणजे दोन इंचाला एक फूट. ब्लाऊजचं माप घ्यायची टेप लावून तिने खाट, कपाट, देव्हारा बेतला. मामाजींनी ते पाहिलं.

"हे काय करून राह्यली?"

"घर."

"काहून? माह्या घरात काय कमी हाये?" असं म्हणून त्यांनी चप्पल घातलेला पाय त्या घरात ठेवला आणि पूर्ण वजन दिलं. मग आत्याला दिलं.

दुसरं घर प्लायवुडचं. म्हणजे पायाने न मोडणारं. ते मोडलं नाही, हे खरं. त्याचीच भिंत उपटून मामाजींनी आत्याला मारलं. अंगठा त्या दिवशीचा. आत्या सांगते तेव्हा वर हेही सांगते, "प्लाय चांगला होता पण. कोपरा बी नाही उडाला."

तिसऱ्या वेळी आत्याने डोकं चालवलं. घर मजबूत करून उपयोग नाही, हे तिला कळलं. घर दिसता कामा नये. आणि उचलून पळता आलं पाहिजे.

तिच्या लग्नात आजोबांनी दिलेली पत्र्याची पेटी होती, हिरवी, वर गुलाबाचं फूल. ती तिने बिजागऱ्यांच्या बाजूवर उभी केली, म्हणजे झाकण दारासारखं पुढे खाली पडतं. पेटीच्या आत खोली, आणि पडलेलं झाकण म्हणजे अंगण. सामान चिकटवायचं कशाने? चिकटवलं तर आवरायला वेळ लागतो. आत्याने गावभरचे बिघडलेले स्पीकर गोळा केले, फोडले, आतले लोहचुंबक काढले आणि प्रत्येक वस्तूच्या बुडाला एकेक तुकडा बसवला. खाट, शिलाई मशीन, शेगडी, पाण्याचा माठ. पत्र्यावर ठेवलं की चटकन पकडतं. बाहुल्यांच्या चपलांनाही चुंबक, म्हणून त्या चवड्यावरच्या बायका आयुष्यात पहिल्यांदा आधाराशिवाय उभ्या राहिल्या. मधली भिंत प्लायची, तिला बिजागरी म्हणून परकराच्या नाडीची पट्टी. ढकलली की मागे चपटी. बाहुल्यांना निजवायला भिंतीवर आडवं इलॅस्टिक. छताला खेळण्यातल्या मोटारीचा पंखा, सेलवर फिरणारा.

मधल्या भिंतीत दार होतं, तेरा इंचांचं. त्याला आतून कडी. सेफ्टीपिन वाकवून केलेली. मामाजींच्या घरात खोलीला कडी होती, पण बाहेरून.

आता हिशोब ऐका, कारण आत्याचं सगळं आयुष्य या हिशोबावर चाललं होतं. धनजला नाल्यावर रपटा, म्हणजे बुटका पूल, आहे. रपट्यावर मोटारसायकलचा आवाज बदलतो. भटर-भटरचं घर्र होतं. तिथपासून अंगणापर्यंत तीस आकडे. मामाजी प्यालेले असले तर चाळीस, कारण मधे एकदा पडायचे. न प्यालेले असले तर तीस. न प्यालेले जास्त वाईट, नेम नीट लागायचा. म्हणून आत्याने खोली तीसवर बांधली. अंगणातलं आत, बाहुल्या इलॅस्टिकखाली, भिंत मागे, झाकण वर, दोन कड्या, पेटी खाटेखाली, आणि हातात सूप. आत्या ओठातल्या ओठात मोजायची. सुरुवातीला साठ लागायचे. आठ-नऊ महिन्यांत तीसवर आली.

"आणि एकतीस झाले कधी?" मी विचारलं होतं.

आत्याने डोक्यावरचा पदर सरकवून कानामागची खूण दाखवली. "दोनदा झाले."

तीन वर्षं तिने ती खोली सजवली, आमच्या रेणूताईसाठी. ताई माझी मोठी बहीण. तिच्या लग्नात रुखवतात हीच खोली मांडायची, असं आत्याने ताई बारावीत असताना कबूल केलं होतं. आमच्याकडे रुखवत म्हणजे नवरीकडच्या बायकांची परीक्षा. डोक्याएवढे लाडू, लोकरीचा गणपती, चिवड्याचा बंगला, सगळं टेबलावर मांडायचं आणि नवरदेवाकडच्या बायका येऊन नाकं मुरडायच्या. तीन वर्षं अंधारात राहिलेली खोली त्या दिवशी पहिल्यांदा चार लोकांसमोर उघडणार होती.

मामाजींनी लग्नाला जायची परवानगी दिली नाही. "तुह्या भावानं मले मानानं बोलावलं नाही." आमच्या बाबांनी, म्हणजे दौलतरावांनी, पत्रिका हातात दिली होती, अक्षता दिल्या होत्या, टोपी दिली होती. टोपीचा रंग चुकला होता म्हणे. लग्नाच्या चार दिवस आधी, मामाजी शेतात गेल्यावर, आत्या पेटी डोक्यावर घेऊन जीपमध्ये बसली आणि आमच्या गावी, शेलूबाजारला, उतरली. आल्या आल्या म्हणाली, "दादा, मी न पुसता आली."

बाबा म्हणाले, "आली त आली. पण थो आला, त लग्नात तमाशा नको."

लग्नाच्या दिवशी मंगल कार्यालयात रुखवताच्या टेबलाभोवती बायकांची ही गर्दी. कारण पंखा फिरत होता. नवरदेवाची आत्या गोजराबाई सगळ्यांना कोपराने बाजूला सारून पुढे आली. गोजराबाई कानात सांगते ते पण लाऊडस्पीकरवरून.

"अवो मायवं! फिरून राह्यला पाहा! आमच्या घरचा त तीन महिन्यापासून बंद हाये! आणि हे माठ पाह्यला का, झाकण निघते! ए, हात नोका लावू कोणी!" असं म्हणत तिने स्वतः सगळ्याला हात लावला. दार उघडलं, बंद केलं, कडी पाहिली. "कडी आतून कायले वं? कोणाले भेते हे बाहुली?"

आत्या म्हणाली, "कडी हाये म्हणून नाही भेत."

 गोजराबाईने ती कडी बोटाने परत लावली. हळू.

आणि बाहेर, हायवेकडून, भटर, भटर, भटर.

मी आत्याकडे पाहिलं. ती बोलत होती कोणाशी तरी, तोंडावर हसू तसंच होतं, पण हात कामाला लागले होते. अंगणातली तुळस आत. ओठ हलत होते. बाहुल्या इलॅस्टिकखाली. भिंत मागे.

"अवो थांब न! माह्यं पाह्यचं राह्यलं!" गोजराबाई ओरडली.

झाकण वर. एक कडी. दुसरी. सव्वीस. चार आकडे शिल्लक ठेवून खोली बंद झाली. फक्त इथे खाट नव्हती खाली लपवायला. आत्या पेटीचं हँडल धरून उभी राहिली, सगळ्या लग्नासमोर.

फट्!

मामाजी न प्यालेले होते. सरळ चालत आले. त्यांनी काही विचारलं नाही, आधी मारलं. थोबाडीत अशी बसली की आत्याच्या कानातलं उडून चिवड्याच्या बंगल्यात पडलं. मग अंबाड्याला धरून खाली ओढलं. गजरा तुटला. डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं, आणि भुवईतून रक्त आलं ते नाकाच्या बाजूने सरळ ओठावर.

"न पुसता येते? ए? न पुसता?"

बाबा धावले. हात जोडून. "जवाईबापू, मंडपात नोका! पाया पडतो! जे करायचं थे घरी करा!"

हे मी अजून विसरले नाही. नका मारू असं बाबा म्हणाले नाहीत. मंडपात नको म्हणाले. आत्यानेही ते ऐकलं. तिने बाबांकडे पाहिलं, एवढंच.

"पेटी दे," मामाजी म्हणाले. "यात लपवते का? तीन वर्ष मले बह्यताड समजली? दे इकडं. आज इथंच चेपतो, सगळ्यायसमोर." आणि त्यांनी पाय उचलला. तोच चपलेचा पाय.

माणूस एका पायावर उभा असला की त्याला पाडायला जास्त ताकद लागत नाही. आत्याने दोन्ही हातांनी हँडल धरलं आणि पेटी फिरवली. अकरा किलो. मी नंतर वजन करून पाहिलं. पहिला फटका खालच्या पायाच्या गुडघ्यावर. कडक् असा आवाज झाला, उसाचं कांडं मोडल्यासारखा. मामाजी बसले. दुसरा खांद्यावर. खांदा खाली गेला आणि हात शर्टात नुसता लोंबायला लागला. तिसऱ्या वेळी पेटीचा कोपरा तोंडावर आला. दोन दात लाडवाच्या परातीत जाऊन पडले आणि एक नुसताच हलत राहिला.

बाहेर बँडवाल्यांना काही माहीत नव्हतं, त्यांचं चालूच होतं. मामाजी फरशीवर पालथे, तोंडातून लाल फुगे. कोणीच हललं नाही. मग गोजराबाईचा आवाज आला, तिच्या मते हळू, "अजून एक दे वं! हालून राह्यला थो!"

आत्याने चौथा दिला नाही. पेटी खाली ठेवली, पदराने भुवई दाबली आणि, शिल्लक राहिलेले चार आकडे संपल्यासारखी, म्हणाली, "तीस झाले."

भटजी स्टेजवरून ओरडले, "मुहूर्त टळून राह्यला हो! जे पडले त्यायले उचला, जे उभे हायेत त्यायनं अक्षता घ्या!" असं आमच्या रेणूताईचं लग्न लागलं. मामाजींना वाशीमच्या दवाखान्यात नेलं. त्या रुखवताचा विषय अजून गावात निघतो.

पंधरा दिवसांनी आमच्या ओसरीत बैठक बसली. मामाजींकडून देवमनकाका आले, धनजचे जुने माणूस, प्रत्येक वाक्याआधी खाकरणारे. मामाजींचा हात गळ्यात, गुडघ्याला प्लास्टर, पुढचे तीन दात नाहीत. आत्या समोर बसली. शेजारी पेटी. कोपरा चेपलेला, एक कडी वाकडी, दुसरी लग्नापासून उघडत नव्हती.

"ह्हं," देवमनकाका म्हणाले. "झालं थे झालं. बाईनं नवऱ्यावर हात उचलला, हे पाप. नवऱ्यानं बी अती केलं, हे बी खरं. ह्हं. आता वैजयंतीबाईनं नांदायले चालावं. दौलतराव, तुमचं काय?"

बाबा आत्याकडे न पाहता म्हणाले, "तिचं घर तिथं हाये. मी काय म्हनू?"

आत्या म्हणाली, "येतो मी."

आईने तोंडावर हात ठेवला. मी उठूनच उभी राहिले.

"येतो," आत्या म्हणाली. "पण पेटी घेऊन येतो. आन हे खाटेखाली नाही राहणार. उशाशी राहीन. उघडी."

सगळ्यांनी मामाजींकडे पाहिलं. मामाजी पेटीकडे पाहत होते. पेटी त्यांच्यापासून दोन हातांवर होती. त्यांनी चांगला पाय आधीच मागे घेतला होता.

"फेटी नाही," ते म्हणाले. पडलेल्या दातांच्या जागेतून हवा जायची. "फेटी इथं थेव. फेटी नाही फाहिजे मले घरात."

"पेटी येईन त मी येईन."

"देवमनभाऊ, तिले सांगा न, फेटी..."

"ह्हं. जानराव, पत्र्याची पेटी हाये ते. बाहुल्यायची."

"तुमाले नाही लागली थे!" मामाजी ओरडले, आणि ओरडल्यावर जबडा दुखला म्हणून डोळ्यांत पाणी आलं. आत्याने बसल्या बसल्या हँडलवर हात ठेवला. नुसता ठेवला. मामाजींचा चांगला हात झटकन तोंडापुढे गेला. भरल्या बैठकीत.



"राहू द्या तिले इथंच," मामाजी शेवटी म्हणाले. "नाही फाहिजे मले."

देवमनकाका खाकरत चपला शोधू लागले. बाबा जागेवरून उठले, आत गेले आणि आत्यासाठी पाण्याचा तांब्या स्वतः घेऊन आले. आमच्या घरात हे कधी झालं नव्हतं. आत्याने पाणी घेतलं.

मामाजींना देवमनकाकांनी मोटारसायकलवर मागे बसवलं. गाडी मामाजींची, पण चालवणारे काका, त्यामुळे भटर-भटर पण खाकरत गेली. आत्या ओसरीत उभी राहून ऐकत होती, ओठ हलत होते. तीस झाले, चाळीस झाले, ती थांबली नाही. दोनशे अकराला आवाज येईनासा झाला.

"पक्कड आण वं," ती मला म्हणाली.

अर्धा तास लागला. कडी तोडावी लागली. झाकण खाली पडलं. पंख्याचं एक पातं मोडलेलं होतं. बाकी माठ जागेवर, मशीन जागेवर, बाहुल्या इलॅस्टिकखाली तशाच, केसही विस्कटलेले नाहीत. मधल्या भिंतीतल्या दाराला गोजराबाईने लावलेली कडी अजून आतून लागलेली होती. आत्याने बाहुल्या काढून अंगणात उभ्या केल्या, खाट मांडली, माठ ठेवला, आणि तुटक्या कडीचं झाकण तसंच पसरून ठेवून ती स्वयंपाकघरात पोळ्या लाटायला गेली.