अकरानंतरची परवानगी

राजाराम वैरागड्यांचं नाव आता आमच्या मराठी मंडळात कोणी काढत नाही. निघालंच तर "ते व्हॅनवाले" असं म्हणून लोक लगेच कोशिंबिरीचं कौतुक करायला लागतात. मी मात्र काढते. खरं तर मला तो हक्क सगळ्यांत कमी आहे. पण हा माणूस कसा होता ते कोणीतरी लिहायला हवं, आणि बाकीच्यांनी सोयीस्कर विसरायचं ठरवलंय.

वैरागडे नागपूरचे. अठ्ठ्याण्णव साली वर्क व्हिसावर अमेरिकेत, मिशिगनला आले आणि एका कंत्राटदार कंपनीतर्फे गाड्यांच्या दारांच्या साच्यांची ड्रॉइंग्ज करायला लागले. पन्नाशी उलटलेली, मूलबाळ नाही. बायको सुवर्णा नागपूरला शाळेत शिकवायची आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूचं बघायची, म्हणून ती कधी इकडे आली नाही. तिथल्या नोव्हाय गावात एका बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये हे एकटे राहायचे, आणि दारात उभी असायची सात सीटची जुनी निळी व्हॅन. एकट्या माणसाला सात सीट कशाला, असं मी पहिल्याच भेटीत विचारलं होतं. माझ्या जिभेला हाड नाही.

"स्वस्तात भेटली, वहिनी," ते म्हणाले. "आता बसणारे भेटतील."

भेटले की! फुकट राबणारा माणूस दिसला की मंडळाला तो बरोबर सापडतो. गणपतीच्या नाटकाच्या तालमी आमचे अध्यक्ष प्रल्हाद यांच्या नोव्हायच्या घराच्या बेसमेंटमध्ये व्हायच्या. लाइट लावायला वैरागडे, खुर्च्या मांडायला वैरागडे, आणि तालीम संपली की पोरांना घरोघर सोडायलाही वैरागडेच. आम्ही आईबाप शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून पिठाच्या गोळ्यासारखे घरी यायचो. पुन्हा पाऊण तासाची ने-आण कोण करणार? एकानं एकदा विचारलं, मग सगळ्यांनीच गृहीत धरलं. सहा वर्षं गृहीत धरलं. पेट्रोलचे पैसे देऊ केले की म्हणायचे, "मी काय टॅक्सी चालवून राहिलो काय?" आणि आम्हीही दुसऱ्यांदा देऊ करायचो नाही.

पोरं त्यांना राजाकाका म्हणत. त्यांच्या व्हॅनमध्ये सगळी भडाभडा बोलायची. आमची नेत्रा घरी प्रश्नाला एका शब्दात इंग्रजीत उत्तर द्यायची, पण राजाकाकांशी तोडकंमोडकं का होईना, मराठीत भांडायची. आमचं घर सगळ्यांत लांब, त्यामुळे ती शेवटी उतरायची. ती दार उघडून आत जाईपर्यंत व्हॅन हलायची नाही. मला त्या माणसाची एका क्षणाचीही धास्ती वाटली नाही. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण पुढे मी वागले ते धास्ती वाटत असल्यासारखी.

आम्ही नोव्हायपासून पंचवीस मिनिटांवरच्या एका छोट्या शहरात राहतो. घरं तिथं परवडली, एवढंच कारण. दोन हजार चारच्या उन्हाळ्यात शहरानं मुलांसाठी रात्रीच्या संचारबंदीचा नियम कडक केला. शाळेनं त्याचा कागद घरी पाठवला. सतरा वर्षांखालच्या मुलांनी रात्री अकरानंतर बाहेर दिसायचं नाही. बरोबर आई किंवा वडील हवेत, नाहीतर त्यांनी परवानगी दिलेलं मोठं माणूस हवं. नियम मोडला तर त्या मोठ्या माणसाला कोर्टाचं बोलावणं, आणि मुलाला मोकळं सोडणाऱ्या आईबापांनाही.

माझा नवरा परीक्षित हुशार इंजिनिअर. तो कागद त्यानं फ्रिजवर चिकटवला आणि मला त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं तीनदा वाचून दाखवलं. आमचं ग्रीन कार्ड तेव्हा शेवटच्या टप्प्यावर होतं. वकिलानं बजावलं होतं की रेकॉर्ड स्वच्छ ठेवा. तेव्हापासून परीक्षित पिवळ्या सिग्नललासुद्धा ब्रेक मारायचा.

ऑगस्टमधला शुक्रवार होता. नेत्रा सोळा वर्षांची. संध्याकाळी मीच वैरागड्यांना फोन केला. "आज उशीर होईल म्हणतात. नेत्राला सोडाल ना?" ते म्हणाले, "हे काय विचारणं झालं, वहिनी?" परीक्षित तिथंच टेबलाशी जेवत होता. दही वाढ म्हणाला.

तालीम साडेदहाला संपणार होती, म्हणजे आपल्या पद्धतीनं साडेअकराला संपली. बारा वाजून वीस मिनिटांनी आमच्या शहराच्या हद्दीत पोलिसानं व्हॅन थांबवली. मागचा एक दिवा बंद होता. आत पन्नाशीचा पुरुष आणि सोळा वर्षांची मुलगी. पोलिसानं नेत्राला बाजूला घेऊन गाडी चालवणाऱ्याचं पूर्ण नाव विचारलं. तिला आडनाव सांगता येईना. सहा वर्षं त्या माणसाच्या गाडीत बसली, पण राजाकाकांना आडनाव असतं हे आम्ही तिला कधी सांगितलंच नव्हतं. आपल्यात मोठ्यांची नावं मुलं घेत नाहीत, त्यांना ती माहीत असायची गरजही आपल्याला वाटत नाही.

मग पोलिसानं आमच्याकडे फोन केला. परीक्षितनं घेतला. मी शेजारी उभी होते, पलीकडचा आवाज मला स्वच्छ ऐकू येत होता. हा माणूस तुमच्या ओळखीचा आहे का? तुमच्या मुलीला घरी आणायची परवानगी तुम्ही त्याला दिली होती का?

हो म्हटलं असतं तर सगळं तिथंच संपलं असतं. नियमात तसं स्पष्ट लिहिलं होतं. पण परीक्षितच्या डोक्यात शेवटचं वाक्य बसलं होतं, आईबापांनाही बोलावणं येणारं. तो म्हणाला, "नो सर. आय डिड नॉट गिव्ह एनी परमिशन. ती दहापर्यंत घरी येणार होती." ओळख आहे, पण थोडीशी, असंही म्हणाला.

मी त्याचा हात धरला. त्यानं तो सोडवून घेतला. मी फोन ओढून घ्यायला हवा होता. नाही ओढला.

नेत्राला पोलिसाच्या गाडीनं घरी आणलं. त्या तरुण पोलिसानं दारात माझ्याकडे बघून विचारलं, "मॅडम, तुम्हाला काही सांगायचंय?" फार सभ्यपणे विचारलं. मी नकारार्थी मान हलवली आणि मुलीला आत घेतलं. नेत्रा बापाकडे बघत राहिली. "डॅड, यू नो हिम," एवढंच म्हणाली. "ही केप्ट टेलिंग देम टू कॉल यू." म्हणजे आमच्याकडे फोन करा, असं तेच पोलिसांना सांगत होते. आमच्या भरवशावर.

वैरागड्यांना पहाटेपर्यंत ठाण्यावर बसवून ठेवलं आणि कोर्टाची तारीख देऊन सोडलं.

रविवारी ते आमच्याकडे आले. दारात बूट काढले, सोफ्याच्या कडेवर बसले. रागावले असते तर बरं झालं असतं. चूक आपलीच, तो दिवा आपण बदलायला हवा होता, असंच म्हणत राहिले. मग खिशातून घडी घातलेला कागद काढला. कोर्टातल्या बाईंनी सांगितलं होतं की आईनं किंवा वडिलांनी परवानगी होती असं लिहून सही करून दिलं, तर केस रद्द होईल. तारीख तीन आठवड्यांवर होती.

"दोन ओळींचं काम आहे, परीक्षितजी. माझं कॉन्ट्रॅक्ट डिसेंबरात रिन्यू होते. ते लोक रेकॉर्ड पाहतात. लहान मुलीचं नाव आहे न त्यात, वेगळाच अर्थ निघते."

परीक्षित म्हणाला, "बघू."

आपला 'बघू' कोणाला कळत नाही? वैरागड्यांनाही कळला असणार. तरी कागद टेबलावर ठेवून गेले. मी चहा विचारला, तो त्यांनी घेतला नाही.

त्या रात्री आम्ही भांडलो. परीक्षितचं म्हणणं सरळ होतं. आता परवानगी होती असं लिहिलं, तर फोनवर पोलिसाशी खोटं बोललो असं सिद्ध होईल. ते पोलिसांनी इमिग्रेशनला कळवलं तर? "व्हिसा माझ्या नावावर आहे, कांचन. मी गेलो तर तू पण जाशील, नेत्रा पण जाईल. तिची अकरावी आहे. त्यांचं काय, ते एकटे आहेत यार, नागपूरला घर आहे, बायको आहे." मी म्हटलं, फोन मी केला होता, मी सही करते. तो म्हणाला, "कर. आणि मग पोरीला तूच सांग, का परत जायचं ते."

नेत्रानं तो कागद स्वतः भरला. सुंदर अक्षरात, तारीख घालून. रोज सकाळी तो माझ्या डब्याशेजारी पेनसकट ठेवलेला असायचा. सही तेवढी हवी होती. तिची चालत नव्हती, ती कायद्यानं अज्ञान. तीन आठवडे मी तो कागद उचलून ड्रॉवरमध्ये ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा डब्याशेजारी असायचा. तारखेच्या आदल्या दिवशी तिनं तोंडानं विचारलं, "आई, प्लीज." मराठीत. मी म्हटलं, "बाबांशी बोलते." बोलले नाही. काय बोलणार होते? मलाही राहायचंच होतं इथं.

वैरागडे कोर्टात एकटे गेले. वकिलावर खर्च करण्यापेक्षा गुन्हा कबूल करून दंड भरला. लगेच मिटेल असं त्यांना वाटलं. प्रल्हादनी मंडळाला ईमेल पाठवला की यापुढे मुलांना फक्त पालकांनीच न्यावं, सुरक्षिततेसाठी. नाव कोणाचंही नव्हतं आणि सगळ्यांना कळलं. बायका माझ्याकडे येऊन हळू आवाजात विचारायच्या, "नेत्राला काही... तसं नाही ना?" मी "नाही हो" म्हणायचे. पण ज्या जोरानं म्हणायला हवं होतं तसं म्हणायचे नाही. जोरानं म्हटलं तर पुढचा प्रश्न आला असता, की मग तुम्ही पोलिसांना नाही का म्हणालात.

डिसेंबरात कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं नाही. दुसरीकडे अर्ज केले, पण पहिल्याच पानावर तो प्रश्न असायचा, कधी गुन्हा कबूल केलाय का? व्हिसा नोकरीवर, नोकरी गेली की देश गेला. जानेवारीत त्यांनी व्हॅन विकली. निघायच्या आदल्या दिवशी फोन आला. "निघून राहिलो, वहिनी. नेत्रा बेटीला सांगा, अभ्यास कर म्हणावं." मी जेवायला या म्हटलं. ते म्हणाले, पॅकिंग राहिलंय.

आमचं ग्रीन कार्ड दोन हजार सातच्या उन्हाळ्यात आलं. परीक्षितनं पेढे मागवले. नेत्रा तोवर पार वॉशिंग्टन राज्यातल्या कॉलेजात निघून गेली होती, घरापासून सगळ्यांत लांबचं म्हणून निवडलेल्या. तिला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "ग्रेट. आय होप इट वॉज वर्थ इट." आता महिन्यातून एकदा बोलते, हवापाण्याचं. मराठीत तर एक अक्षर नाही. यंदाच्या मंदीत, सप्टेंबरात, परीक्षितची नोकरी गेली. मंडळातल्या निम्म्या घरांची गेली आहे. कार्ड तेवढं कपाटात आहे. परीक्षित दिवसभर टीव्हीसमोर बसतो, आणि त्याच्याकडे बघून मला दया येत नाही, हे मी स्वतःशी कबूल करून टाकलंय.

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी मी मंडळाच्या जुन्या यादीतून नागपूरचा नंबर शोधला. माफी मागायची होती. काय म्हणायचं ते कागदावर लिहून घेतलं होतं, चार वेळा खोडून. फोन सुवर्णाताईंनी घेतला. वैरागडे भाजी आणायला गेले होते. पुतण्याच्या हार्डवेअरच्या दुकानात बसतात म्हणाल्या, बीपीचा त्रास आहे, फारसं बोलत नाहीत. मी नाव सांगितलं, तशी त्यांचा आवाज एकदम बदलला.

"कांचनवहिनी? नेत्राच्या आई? अहो, किती ऐकलंय तुमच्याबद्दल! कंपनी बंद पडली म्हणून ह्यांना यावं लागलं, नाहीतर तिथं काही कमी नव्हतं म्हणतात. इतकी वर्षं एकटा माणूस परदेशात, मला इथं घास जायचा नाही. पण तुम्ही लोकांनी त्यांना घरच्यासारखं ठेवलं. तुमचे उपकार कसे फेडू, सांगा."

कागद माझ्या हातात होता. पहिली ओळ वाचली असती तरी पुरलं असतं.

मी म्हटलं, "छे हो, सुवर्णाताई. त्यात काय एवढं."