बंदीच्या महिन्यात लावलेली लिमिट

मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी "नाही" म्हणालो. ते खोटं होतं. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. सरांना नाही, बायकोलाही नाही.

मी सर्व्हर सांभाळतो. आमची कंपनी छोटी आहे, नवी मुंबईतली. श्रीवर्धन तालुक्यातल्या एका बंदराची सिस्टिम आमच्याकडे आहे. बंदराचं नाव लिहीत नाही. माणसांची नावंही बदलली आहेत.

जेटीजवळच्या खोलीत एकच सर्व्हर. त्यावर तीन सर्व्हिस चालतात, म्हणजे मागे सतत चालू राहणारे तीन प्रोग्रॅम. एक कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करतो, दुसरा डिझेलचा हिशेब ठेवतो, तिसरा इशारे पाठवतो. प्रत्येक होडीवर आमचं एक छोटं यंत्र असतं. वादळाची खबर आली की खोलीतल्या ऑपरेटर यमुनाताई बटण दाबतात आणि समुद्रावरच्या प्रत्येक होडीला मेसेज जातो. होडीवरून "मिळाला" असं उत्तर येईपर्यंत प्रोग्रॅम तो पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. उत्तर न आलेल्या होड्यांचा आकडा पडद्यावर "बाकी" म्हणून दिसतो. त्या बाकीच्यांना ताई वायरलेसवर नावानं हाका मारायच्या. बाकी शून्य झाली की त्यांचं काम झालं.

त्या उन्हाळ्यात सर्व्हर दोनदा आडवा झाला. रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम सगळी मेमरी खायचा आणि इतरांना श्वास घ्यायला जागा राहायची नाही. कंपनीचे मालक नाईक सर, त्यांचा फोन आला. "लिमिट लाव सगळ्यांना आणि मोकळा हो. आता पावसाळ्यात मासेमारीला बंदी आहे, तुला कोण डिस्टर्ब करणार नाही."

लिनक्समध्ये याची सोय आहे. तिला कंट्रोल ग्रुप म्हणतात. एका सर्व्हिसच्या सगळ्या प्रोसेस एका गटात बांधायच्या आणि त्या गटाला सांगायचं, तुला इतकीच मेमरी. घरात प्रत्येक खोलीचा वेगळा एमसीबी असतो, तसंच. एका खोलीत लोड वाढला तर तिचाच खटका पडतो, घर अंधारात जात नाही. लिमिट दोन प्रकारची असते. नरम लिमिट ओलांडली की सर्व्हिस मंदावते. कडक लिमिटला टेकल्यावर कुठूनच मेमरी मोकळी होईना, की सिस्टिम त्या गटातल्या प्रोसेसला तिथल्या तिथे मारते.

मी जुलैत गेलो. खोलीची चावी सोसायटीचे चेअरमन धर्मा नाखवा यांच्याकडून घेतली. यमुनाताई बंदीत कामावर नसायच्या. होड्या वर ओढून नारळाच्या झापांखाली शाकारलेल्या होत्या. जेटीवर कुत्रं नव्हतं. दोन दिवस त्या खोलीत मी आणि पंख्याचा आवाज. मला ते बरं वाटलं. मला माणसांत फार जमत नाही.

प्रत्येक सर्व्हिस किती मेमरी घेते ते मोजलं, दुप्पट केलं आणि कडक लिमिट लावली. शिवाय मेलेली सर्व्हिस काही सेकंदांत आपोआप पुन्हा उठावी अशी सोय केली. सगळं हिरवं दिसायला लागलं. चावी परत दिली आणि निघालो.

चूक इथेच झाली होती. मी माणगावकडचा, भातशेतीवाल्या घरातला. आमच्याकडे जुलै म्हणजे लावणी. घरातलं माणूस न माणूस चिखलात. जुलैत मोजलं म्हणजे भर कामात मोजलं, असं माझ्या अंगातच होतं. बंदी आहे हे मला ठाऊक होतं, सरांनी ते तोंडानं सांगितलंही होतं. पण इशाऱ्याची सर्व्हिस समुद्रावरच्या होड्यांच्या हिशेबानं मेमरी घेते आणि त्या दिवशी समुद्रावर एकही होडी नव्हती, हे दोन धागे मी जोडले नाहीत. रिकाम्या दर्याचं माप घेतलं आणि त्याची दुप्पट केली.

नारळी पौर्णिमेनंतर होड्या गेल्या. किरकोळ मेसेज जात राहिले. दिवाळी तोंडावर आली असताना एका दुपारी वाऱ्याचा इशारा आला. सगळ्या होड्या बाहेर होत्या. यमुनाताईंनी बटण दाबलं. प्रत्येक होडीसाठी मेसेज, प्रत्येकाचे पुन्हा पुन्हा प्रयत्न. सर्व्हिस लिमिटला टेकली आणि मेली. सांगितल्याप्रमाणे लगेच उठली. पण बाकीची यादी तिच्या मेमरीत होती, ती गेली. उठली तेव्हा तिला कुणालाच काही पाठवायचं नव्हतं. पडद्यावर बाकी शून्य.

ताईंनी शून्य पाहिलं आणि वायरलेसवर हाका मारल्या नाहीत.

बहुतेकांना मेसेज मिळाला होता. ज्यांना नव्हता त्यांनी इतरांच्या होड्या वळताना पाहिल्या आणि तेही वळले. एकच होडी सगळ्यांच्या पलीकडे, एकटी होती. तिचा तांडेल हिराजी, म्हणजे होडी चालवणारा मुख्य. तो यमुनाताईंचा सख्खा भाऊ. तो वळला तेव्हा अंधारून आलं होतं. खाडीच्या तोंडाशी होडी खडकावर गेली. माणसं पोहून आली. हिराजीचा उजवा हात होडी आणि खडकामध्ये सापडला. त्या हातानं त्यानं परत सुकाणू धरलं नाही.

दोन दिवसांनी मला बोलावलं. मीटिंगच्या आधी मी खोलीत जाऊन पाहिलं. गटात किती वेळा प्रोसेस मारावी लागली, याचा आकडा सिस्टिम ठेवते. जुलैत तो शून्य होता. आता एक होता. मी लिमिट वाढवली, यादी डिस्कवर राहील असं केलं, सर्व्हर पुन्हा चालू केला. आकडा परत शून्य झाला. मग मीटिंगला गेलो.

ऑफिस भरलेलं. हिराजी भिंतीला टेकून, हात गळ्यात बांधलेला. यमुनाताई दाराशी उभ्या.

"माज्या पडद्यावर बाकी शून्य व्हती," त्या म्हणाल्या. "म्हनून हाक मारली न्हाय. बाकी असती तं पयली याला मारली असती."

मागून कुणीतरी म्हणालं, डुलकी लागली असेल. दोघं-तिघं हसले. हिराजी हसला नाही, बहिणीकडे बघितलंही नाही.

धर्मा नाखवा माझ्याकडे वळले. "सायेब, तुमीच सांगा. होडीला मेसेज न्हाय गेला, तरी मशीन शून्य दाखवल काय?"

हो म्हणायला एक अक्षर लागलं असतं. माझ्या डोक्यात कंपनीचं काँट्रॅक्ट होतं, सर होते. खरं सांगायचं तर त्याहून जास्त ती खोलीभर माणसं होती, माझ्याकडे बघणारी.

"नाही," मी म्हणालो. "सिस्टिम ओके आहे."

"झालं मग," नाखवा म्हणाले.

ताईंनी चाव्यांचा जुडगा टेबलावर ठेवला आणि गेल्या. त्या भाऊबीजेला हिराजी बहिणीकडे गेला नाही, हे मला पुढे नव्या ऑपरेटरकडून फोनवर कळलं. त्यानंतरही गेला नाही. माझी बहीण दर वर्षी माणगावाहून येते, ओवाळते. मी पाटावर बसतो आणि ताटातल्या दिव्याकडे बघत राहतो. ती विचारते, दादा, बरं नाही का. मी म्हणतो, कामाचं टेन्शन.

मागच्या हिवाळ्यात त्या बाजूला काम होतं. बोर्ली पंचतनच्या बाजारात यमुनाताई सुकट घेऊन बसलेल्या दिसल्या. मी निघून जाणार होतो, तेवढ्यात त्यांनी ओळखलं.

"मशीन बरा चालतंय ना, भावा?"

"हो," मी म्हणालो.

"चांगला झाला," म्हणाल्या. मी सुकट मागितल्यावर माझ्या पिशवीत मापावर एक मूठ जास्तच टाकली.

सर्व्हर खरंच बरा चालतो. तेव्हापासून एकदाही पडलेला नाही. या धंद्यात येणाऱ्यांना एवढंच सांगतो. लिमिट लावायची तर सगळ्यात गर्दीच्या दिवसाचं माप घेऊन लावावी, आणि गर्दीचा दिवस कुठला हे आपल्या गावावरून ठरवू नये. आपोआप उठणारी सर्व्हिस पडल्याचं कुणाला तरी कळेल, अशी सोय आधी करावी.

हे छापून येण्याआधी मला हिराजीच्या दारात जायचं आहे. बहिणीच्या पडद्यावर बाकी शून्यच होती आणि ती माझ्यामुळे होती, एवढं त्याला सांगायचं आहे. मग तेच ऑफिसात, सगळ्यांसमोर. अजून गेलेलो नाही.